बाप्या रातांबी

आमच्या राजापूर तालुक्यातल्या घराच्या मागीलदारी, न्हाणीच्या पलीकडे, एक रातांबी होती. तिच्या खोडात कुणीतरी फार पूर्वी ठोकलेला एक गंजका खिळा होता आणि त्या खिळ्यापासून गोठ्याच्या खांबापर्यंत कपडे वाळत घालायची दोरी. झाडाने तो खिळा हळूहळू निम्मा गिळला होता. दोरीखेरीज त्या झाडाचा घराला काही उपयोग आहे असं कुणी मानत नसे, कारण त्याला कधी फळ धरलं नाही. परड्यात आणखी तीन रातांब्या होत्या. त्या मे महिन्यात अशा लाल व्हायच्या की खालून जाताना डोक्यावर टपकन फळ पडायचं. ही मात्र बारा महिने हिरवीगार, निरोगी आणि रिकामी. तिला घरात ‘वांझ रातांबी’ म्हणत. ते तिचं नाव होतं आणि पत्ताही. “वांझ रातांबीखाली सूप राहिलंय, घेऊन ये,” असं सांगितलं की आम्ही पोरं बिनचूक तिथे पोचायचो.

घरात मोठी काकू होती. तिला मूलबाळ नव्हतं. तो शब्द तिच्यासमोर कुणी माणसाबद्दल काढला असता तर आजीने त्याची जीभ हासडली असती. झाडाबद्दल मात्र सगळे बिनदिक्कत बोलत, तिच्यादेखत, दिवसातून दहा वेळा. यात काही खटकण्यासारखं आहे हे मला फार उशिरा कळलं. तेव्हा, नवव्या वर्षी, मीही तसंच म्हणायची. एकदा असंच काहीतरी म्हटलं. काकू पाटावर बसून रातांबे फोडत होती, हात कोपरापर्यंत लाल. मान वर न करता म्हणाली, “वांझ नव्हे गो ती. बाप्या आहे तो.”

मी खो खो हसले. झाड कसलं बाप्या!

“त्या तिघी लेकुरवाळ्या दिसतात ना, त्या ह्याच्या जिवावर,” ती म्हणाली आणि पुढचा रातांबा हातात घेतला. विषय संपला.

पपईत नर-मादी असतात हे सगळ्यांना ठाऊक असतं. पपई वर्षाच्या आत फुलते, नर निघाला की माणूस उपटून टाकतो, फारसं काही गेलेलं नसतं. रातांबीचं तसं नाही. बी रुजल्यापासून पहिलं फूल यायला सात-आठ वर्षं लागतात, आणि बियांपासून आलेल्या रोपांत साधारण निम्मी नर निघतात. रोपाकडे बघून काही कळत नाही. पान तेच, कोवळी पालवी तशीच तांबूस, खाली झुकणाऱ्या फांद्या आणि मंदिराच्या शिखरासारखा निमुळता आकार तोच. काही झाडांवर दोन्ही तऱ्हेची फुलं येतात, पण तीही फुलल्यावरच कळायची. मूल चालायला लागावं, बोलायला लागावं, शाळेत जाऊन दुसरीत पोचावं, इतका काळ तुम्ही एका झाडाला वाढवता आणि मग एका थंडीत ते सांगतं, मी हा आहे किंवा ही आहे.

सांगतंही हळू आवाजात. रातांबीची फुलं नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत पानांच्या बेचक्यात येतात, इतकी बारकी आणि फिकी की ज्याला बघायचंच नाही त्याला दिसणार नाहीत. नर फुलं झुबक्याने येतात, प्रत्येकाच्या मध्यावर पिवळसर पुंकेसरांचा गच्च गोळा. मादी फूल एकटंदुकटं, आणि त्याच्या पोटात हिरवी बारीक गोटी. ती गोटी म्हणजेच पुढचा रातांबा. काकूने हे बघितलं होतं. घरातल्या इतर माणसांनी इतक्या वर्षांत मान वर करून पाहिलं नव्हतं, किंवा पाहिलं असेल तरी जुना शब्द सोडवला नसेल. मला राहून राहून गंमत वाटते ती व्याकरणाची. ‘रातांबी’ स्त्रीलिंगी, म्हणून फळ नाही म्हटल्यावर ती वांझ. त्या खिळ्याच्या मालकाला ‘बाप्या’ म्हणायचं तर अख्ख्या वाक्याचं लिंग बदलावं लागलं असतं, आणि तेवढे कष्ट कोण घेतो.

याच कुळातलं परदेशी नातेवाईक फळ म्हणजे मँगोस्टीन. हल्ली शहरांतल्या फळांच्या दुकानांत जांभळ्या सालीचं महागडं फळ दिसतं ते. त्यांच्याकडे हा प्रश्नच उरलेला नाही. लागवडीतली मँगोस्टीनची झाडं मादी असतात आणि त्यांचं बी परागावाचूनच तयार होतं. काकूला हे सांगायला ती उरली नाही. सांगितलं असतं तर काय म्हणाली असती याचा मी अधूनमधून विचार करते.

नावांचाही एक घोळ इथेच निस्तरून टाकते. झाडावरचं ताजं लाल फळ म्हणजे रातांबा. त्याची साल वाळवली की आमसूल, किंवा नुसतं सोल. ‘कोकम’ हा शब्द फळाला, सालीला, सरबताला, सगळ्यालाच चालतो, म्हणून शहरात तोच टिकला. दक्षिणेला सरकत गोव्यात गेलात की हेच फळ भिरंड होतं. पोर्तुगिजांनी त्या भिरंडाचं ‘ब्रिंदाँव’ केलं. गोव्यात राहिलेला पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याने १५६३ साली तिथेच छापलेल्या आपल्या ग्रंथात या फळाची नोंद केली आहे. शास्त्रीय नाव गार्सिनिया इंडिका. त्यामुळे मला बरेच दिवस वाटत होतं की ते या गार्सियावरूनच पडलं असणार. तसं नाही. ते अठराव्या शतकातल्या लोराँ गार्सँ नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञावरून पडलं आहे. गोव्यात आयुष्य काढलं एकाने आणि नाव लागलं दुसऱ्याचं. उत्तर कन्नडमध्ये याला मुरुगलु म्हणतात, आणि तिकडे पिवळट-पांढऱ्या फळांची एक जातही आहे. लाल रंग नसलेला रातांबा मला कल्पनेतसुद्धा बघवत नाही.

हे झाड मुळात कोकणातलं, गोव्यातलं आणि कर्नाटकाच्या घाटालगतचं. गंमत अशी की त्याच्या या घरीच ते फारसं कुणी लावत नाही. मी लहानपणी कुणाला रातांबीची लागवड करताना पाहिलं नाही. ती यायची. गडग्याच्या कडेला, पऱ्ह्याच्या उतारावर, नारळी-पोफळीच्या सावलीत, आपोआप. वानर आणि पक्षी फळ खात, बी कुठेतरी पडे, पावसात रुजे, आणि कुणी तोडलं नाही तर पंधरा वर्षांनी तिथे तीस-चाळीस फुटांचं झाड उभं असे. हापूसच्या कलमाचे लाड ज्याने बघितलेत त्याला हा फरक कळेल. हापूसला आळं, खत, मोहोरावर फवारण्या, थ्रिप्स आला की रात्रीची झोप नाही, पेटीचा भाव किती या काळजीने दिवसाची नाही. रातांबीला कुणी तांब्याभर पाणी घातल्याचं मला आठवत नाही. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आमच्याकडे बापूकाका म्हणाले होते, “घ्या! जिला कुणी विचारत नव्हतं तिला सरकारने आधार कार्ड दिलं.”

पण ‘आपोआप’ हा शब्द फक्त झाडापुरता खरा होता. रातांबी वर्षभर काही मागत नाही आणि मग तीन आठवड्यांत सगळं वसूल करून घेते.

फळ एप्रिलच्या अखेरीस पिकायला लागतं. तेही एकदम नाही. आज पाटीभर, उद्या हाराभर, आणि मेच्या शेवटच्या आठवड्यात, जेव्हा दुपारनंतर दक्षिणेकडे ढग गोळा व्हायला लागतात, तेव्हा सगळं झाड एकदम. आंब्याची धावपळ, पाहुणे, लग्नं आणि घर शाकारणी याच दिवसांत. पुरुष माणसं कौलांवर असत. रातांबे बायकांकडे. झाडाखाली पडलेले वेचायचे, फांद्या हलवून पाडायचे, धुवायचे, मग खळ्याच्या कडेला ओळीने बसून फोडायचे. पिकल्या रातांब्याला धार लागत नाही, अंगठ्याच्या दाबाने त्याचे दोन भाग होतात. आतल्या पांढुरक्या गराने लपेटलेल्या बिया एका पातेल्यात, साल वाळवायच्या तटावर. पहिल्या तासाला मजा वाटते. अर्ध्या बिया आमच्या तोंडात जायच्या, कारण तो गर आंबटगोड लागतो. तिसऱ्या तासाला नखांच्या कडा झोंबायला लागतात. संध्याकाळी भात कालवताना बोटं मिठाला लागली की जीव जातो. काकूची बोटं जूनअखेरपर्यंत काळपट असत, नखांभोवतीची कातडी सोलवटलेली.

गर आणि बियांत मीठ घालून ठेवलं की रस सुटतो. त्या रसात साली रात्रभर बुडवून ठेवायच्या, सकाळी काढून खळ्यात वाळत घालायच्या, संध्याकाळी पुन्हा रसात. याला पुट देणं म्हणतात. असं चार-पाच दिवस. प्रत्येक पुटाबरोबर साल गडद होत जाते, लाल, मग किरमिजी, मग जवळजवळ काळी, आणि बोटाने दाबली तर चामड्यासारखी मऊ लवते. कडक, चुरमुऱ्यासारखी मोडणारी साल म्हणजे पुटं कमी पडली. काकू दुकानातलं आमसूल हातात घेऊन आधी वाकवून बघायची आणि मग तोंड वाकडं करायची. हाराभर रातांब्यांचं शेवटी डबाभर आमसूल होतं, एवढं सांगितलं म्हणजे ते महाग का असतं हे वेगळं सांगायला नको. आणि तरी ते पुरेसं महाग नसतं.

या सगळ्यावर वरून नजर ठेवून असतो तो पाऊस. वळवाची एक सर आली आणि खळ्यातली सोलं भिजली की चार दिवसांची पुटं गेली. बुरशी धरते, वास येतो, फेकावं लागतं. म्हणून मेच्या अखेरीस घरातल्या सगळ्यांचा एक कान आभाळाकडे असायचा. पहिला टपोरा थेंब कौलावर वाजला की जेवणाच्या पानावरून उठून सगळे खळ्यात. तट दोन बाजूंनी धरून ओटीवर आणायचे, ते तिरके झाले की सोलं घरंगळायची, कुणीतरी ओरडायचं. झाडावर राहिलेलं फळ मृगाबरोबर कुजून गळतं. परड्यात तेव्हा एक आंबूस वास भरून राहायचा, तो मला आजही पहिल्या पावसाच्या मातीच्या वासाआधी आठवतो.

माझा एक पिवळा फ्रॉक या कामात कायमचा गेला. त्यावर रस सांडला, मी साबणाने घासला आणि लाल डाग माझ्या डोळ्यांदेखत निळसर काळा झाला. मला वाटलं आता मार खाणार. पुढे शाळेत लिटमसचा कागद दाखवला तेव्हा मी बाईंना हा प्रकार सांगितला. रातांब्यातला रंग अँथोसायनिन जातीचा, आम्लात लाल, अल्कलीत निळ्याकडे जाणारा. म्हणजे फ्रॉकच लिटमस झाला होता.

सालीचं काम संपलं तरी बिया उरतात. त्या धुऊन, वाळवून ठेवायच्या आणि पावसाळ्यात, हात जरा रिकामे झाले की, कुटून पाण्यात उकळायच्या. वर तेल तरंगतं. ते काढून निवलं की पांढरट घट्ट होतं, मुठीत दाबून त्याचे लाडू वळतात. कोकमेल म्हणा, मुठेल म्हणा. बियांच्या वजनाचा साधारण पाव भाग हे तेल असतं. आमच्याकडे त्याचं एकच काम, टाचांच्या भेगा. चुलीच्या निखाऱ्याशी मुठेल धरायचं, वितळून आलेला थेंब भेगेत सोडायचा, आणि माणूस ‘स्स’ करायचा. आता याच तेलाला कोकम बटर म्हणतात, आणि ते साबणांत, ओठांना लावायच्या कांड्यांत, क्रीममध्ये जातं. त्याहून मोठं आश्चर्य पुढे वाचलं. युरोपीय संघाने २००० साली चॉकलेटचे नियम ठरवले, त्यात कोको बटरखेरीज फक्त सहा वनस्पतिजन्य स्निग्ध पदार्थांना पाच टक्क्यांपर्यंत परवानगी दिली. त्या सहांत आंब्याच्या कोयीतलं तेल आहे आणि आपलं कोकमाचंही आहे. धाकट्या काकूला हे सांगितलं तर ती म्हणाली, “म्हणजे ते लोक टाचा खातात?”

स्वयंपाकघराबद्दल मी फार लिहिणार नाही. ज्याच्या घरी आमसूल असतं त्याला सांगायची गरज नाही, आणि ज्याच्या घरी नसतं त्याला सोलकढी माहीत असते, तीही बहुधा हॉटेलातली गुलाबी, लसणाने भरलेली. घरच्या सोलकढीचा रंग इतका गुलाबी नसतो. नारळाचं दूध नसेल त्या दिवशी तिवळ, गोव्यात तिचीच बहीण फुटी कढी. आमटीत चिंच पडते तेव्हा चिंचेची आमटी होते. आमसूल पडतं तेव्हा आमटी आमटीच राहते, फक्त तिला कणा येतो. बांगड्याच्या तिखल्यात तिरफळाशेजारी आमसूल नसेल तर मी तो बांगडा खात नाही, हा माझा हट्ट समजा. पित्ताच्या गांधी उठल्या की आमसूल पाण्यात कोळून अंगाला चोळायचं, हे महाराष्ट्रभर घरोघरी चालतं. श्राद्धाच्या पानात आमसुलाची चटणी लागते. जन्मभर ज्या बाईने आमसुलं वाळवली तिच्या श्राद्धाला ती चटणी वाटताना मला कसंनुसं झालं होतं, एवढंच.

सरबताचं मात्र सांगते. रातांब्याच्या अर्ध्या वाट्या साखरेने भरायच्या, काचेच्या बरणीत थर लावायचे, तोंडाला फडकं बांधून उन्हात ठेवायचं. आठ दिवसांत साखर आपली आपण विरघळते, बरणीत उजेडाकडे धरल्यावर माणकासारखा दिसणारा पाक उरतो. चिनी मातीची किंवा काचेची बरणीच लागते, कारण हे आंबट कुठल्याही धातूशी भांडतं.

आणि एक तक्रार. मधल्या काही वर्षांत वजन उतरवायच्या गोळ्यांचं जे पेव फुटलं, त्यात कोकमालाही ओढलं गेलं. सालीत हायड्रॉक्सिसायट्रिक आम्ल असतं हे खरं. हे आम्ल रातांबीच्या केरळी भाऊबंदात, माशाच्या कालवणात घालतात त्या कुडमपुळीत आहे हे १९६५ साली दाखवून दिलं म्हैसूरच्या शास्त्रज्ञांनी. पण १९९८ मध्ये अमेरिकेत १३५ जाड माणसांना १२ आठवडे कुणाला कुडमपुळीच्या अर्काची, कुणाला खोटी गोळी देऊन पाहिलं तेव्हा वजनात दखल घेण्याजोगा फरक पडला नाही. ठाण्यात आमच्या सोसायटीतल्या एक बाई रोज सकाळी अनाशेपोटी आगळ, म्हणजे रातांब्याचा खारवलेला रस, घेतात, बारीक व्हायला. आगळात मीठ किती असतं हे मी त्यांना दोनदा सांगून बघितलं.

मोठी काकू गेल्यावर दोन वर्षांनी, २०१५ च्या जूनमध्ये, मी ठरवून रातांबी लावायला गावी गेले. आपोआप येणारं झाड ठरवून लावायचं, यावर बापूकाका मनमुराद हसले. पण मी अभ्यास करून गेले होते. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने ‘कोकण अमृता’ आणि ‘कोकण हातीस’ अशा जाती काढल्यात. हातीस हे रत्नागिरीजवळचं गाव, तिथल्या मोठ्या फळाच्या झाडावरून ती जात आली. मादी झाडाची काडी रोपाच्या कोवळ्या शेंड्यावर पाचर करून बसवली, म्हणजे मृदकाष्ठ कलम केलं, की कलम मादीच येणार. सात-आठ वर्षांची लॉटरी संपली, फळही चार-पाच वर्षांत. बियांपासून वाढलेल्या झाडाची वाट बघण्यात काहीतरी थोर आहे असं लिहिणारे लोक मी वाचलेत. ज्याचं पोट त्या फळावर नाही त्यानेच तसं लिहावं. आठ वर्षं जमीन अडवून शेवटी नर निघाला तर ते सहन करायला माणसाकडे दुसरी मिळकत लागते. मी कलमांच्या बाजूची आहे.

बाजूची आहे, पण हात वाईट निघाला. एका रोपवाटिकेतून पाच कलमं आणली. दोन हातांचे चौरस खड्डे, शेणखत, वीस-वीस फुटांवर. बापूकाका म्हणाले दहातला एक नर ठेवावा लागतो परागाला. मी म्हटलं, आपला आहे ना उभा मागीलदारी, दोरीवाला. पहिल्या उन्हाळ्यातच दोन कलमं वाळली. मला वाटलं होतं रातांबीला पाणी लागत नाही. मोठ्या झाडाला लागत नाही. कोवळ्या कलमाला पहिली दोन-तीन वर्षं पाणीही लागतं आणि डोक्यावर सावलीही. तिसरं उंच होईना. करवंदीच्या जाळीसारखं आडवंच पसरत सुटलं. काडी सरळ वर जाणाऱ्या शेंड्याची न घेता आडव्या फांदीची घेतली असली तर असं होतं, ती काडी झाडावर असतानाची सवय सोडत नाही. त्याला फळ धरतं, पण वेचायला रांगत जावं लागतं. चौथं उत्तम. पाचवं न्हाणीच्या कोपऱ्याशी, सांडपाण्याच्या वाटेवर लावलं होतं. ते सगळ्यांत जोमात वाढलं. दर दिवाळीला मी त्याच्याशेजारी उभी राहून फोटो काढायची आणि घरच्या ग्रुपवर टाकायची.

२०२१ च्या मे महिन्याच्या मध्यावर तौक्ते वादळ किनाऱ्यालगत वर सरकत गेलं. त्या रात्री बाप्या पडला. गोठ्याच्या छपराचा एक कोपरा घेऊन पडला. आम्ही लॉकडाऊनमध्ये ठाण्याला अडकलेलो. धाकट्या काकूने व्हिडिओ पाठवला, त्यात मुळं वर, खोड आडवं, आणि दोरी अजून तशीच बांधलेली, तिच्यावर चिखलात लोळणारा बापूकाकांचा लेंगा. लाकूड सरपणाला गेलं. खिळ्याचा भाग कापताना करवतीचा दात तुटला म्हणे.

त्यानंतरच्या दोन मोसमांत तिघी जुन्या रातांब्यांना फळ विरळ लागलं. बापूकाकांचं म्हणणं, बाप्या गेला म्हणून. माझं म्हणणं, डिसेंबर-जानेवारीत अवकाळी पाऊस झाला, फुलं झडली. शेजारच्या गडग्यापलीकडे एखादा नर असेलही, कुणी कधी बघितलंय? आमचा वाद मिटला नाही. एवढं मात्र झालं की घरात कुणी आता ‘वांझ रातांबी’ म्हणत नाही. म्हणायला झाडच नाही. जिथे ती होती तिथे सूप राहिलं तर धाकटी काकू “बाप्याकडे” असं म्हणते, कधीपासून म्हणायला लागली ते तिलाही सांगता येत नाही.

२०२३ च्या डिसेंबरात गेले तेव्हा न्हाणीजवळच्या पाचव्या झाडावर फुलं होती. पहिलीच. मी ओरडत धाकट्या काकूला बोलावलं. ती पदराला हात पुसत आली, एक फांदी खाली ओढली, झुबक्यातलं एक फूल तोडून तळहातावर घेतलं आणि नखाने पाकळ्या बाजूला केल्या. पिवळा गोळा. दुसरं फूल, तिसरं. सगळ्यांत पिवळाच गोळा.

“पण हे कलम आहे!” मी म्हटलं. “पैसे मोजलेत.”

काकू खाली वाकली आणि बुंध्याशी साठलेला पाचोळा हाताने सारला. जमिनीपासून वीतभर उंचीवर कलमाची जुनी खूण होती, एक सुकलेला, काळा, करंगळीएवढा खुंटारा. त्याच्या खालून फुटलेला धुमारा आठ वर्षांत माझ्या मांडीएवढा जाड झाला होता. वरची काडी कधीच मेली होती. ज्या जोमदार झाडाचे मी फोटो टाकत होते तो नुसता खुंट होता, म्हणजे ज्यावर काडी बांधतात ते खालचं रोप, कुठल्यातरी बीचं, आपोआप वाढलेलं.

“तोडायचा?” मी विचारलं.

काकूने उत्तर दिलं नाही. ती झाडाच्या खोडापासून गोठ्याच्या नव्या खांबापर्यंत नजरेनेच काहीतरी मोजत होती.

“दोरीला बरा आहे,” ती म्हणाली. “पण खिळा नको ठोकूस हो एवढ्यात. साल कोवळी आहे अजून.”